नास्तिकाची शंका आणि आपली श्रद्धा

'नास्तिक' हा शब्द आपल्या कुटुंबांतून बहुधा रागाच्या भरातच उच्चारला जातो. शिक्षणासाठी लातूरला राहावयास गेलेली मुले सुटीत घरी येतात, जेवणाच्या वेळी एखादा अडचणीचा प्रश्न विचारतात, आणि घरातील वडीलधारे माणूस एका वाक्यात त्याचा निकाल लावते: "नास्तिक झालास!" प्रश्न तेथेच थांबतो; उत्तर मात्र कोणालाच मिळालेले नसते. औशाकडे काय, नांदेडकडे काय, मराठवाड्यातील आपल्या लहान लहान धर्मग्रामांना हा अनुभव नवा नाही.

दुसऱ्या बाजूने नास्तिक मंडळींचाही आपल्यावर एक ठरलेला आक्षेप असतो. ते म्हणतात, "आम्ही आमची मते पुराव्यावर बांधतो. उद्या विरुद्ध पुरावा मिळाला तर आम्ही मत बदलू. तुम्ही भाविक मात्र काहीही झाले तरी बदलणार नाही." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. येथे आपल्या बुद्धीवर नव्हे, तर आपल्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलेले आहे. आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न निघाला, की ख्रिस्ती माणसाला पाठ फिरवून चालत नाही. म्हणून नास्तिक खरोखरच स्वतःची मते तपासतो काय, आपण आपली श्रद्धा तपासावी काय, आणि तपासली तर ती उरते काय, या तीन प्रश्नांचा येथे शांतपणे विचार करावयाचा आहे.

शब्दाचा इतिहास

प्रथम या शब्दाकडेच पाहू. आपल्या देशात 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, असा अर्थ पूर्वीपासून नव्हता. वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. उलट सांख्य आणि मीमांसक जगाचा निर्माता ईश्वर आवश्यक न मानताही आस्तिकांच्या पंक्तीत बसले. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज आपल्या हाती नाहीत. त्यांची मते आपण मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून ओळखतो. तथापि चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिताना पहिले प्रकरण चार्वाकांनाच दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे आणि मग उत्तर द्यावे, यालाच आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात.

पाश्चात्त्य जगातील इतिहास तर आपणांस अधिकच अंतर्मुख करणारा आहे. रोमन साम्राज्यात 'नास्तिक' हे दूषण कोणाला लावले जात असे? आपल्या ख्रिस्ती पूर्वजांना. नगरदेवतांची पूजा ते करीत नसत, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळीत नसत. म्हणून लोकांच्या दृष्टीने ते निरीश्वरवादी होते. दुसऱ्या शतकात संत जस्टिनला आपल्या ग्रंथात या आरोपाचे उत्तर द्यावे लागले, आणि स्मर्ना येथील वृद्ध महागुरुस्वामी संत पोलिकार्प यांच्या हौतात्म्याच्या वेळी जमावाने ख्रिस्ती लोकांना उद्देशून हाच शब्द वापरला होता. खोट्या देवांना नकार देणे ही आपल्या श्रद्धेची पहिली पायरी होती. आज कोणी देवाला नकार देत असेल, तर तो नेमक्या कोणत्या देवाला नकार देत आहे, हे विचारण्याचे सौजन्य तरी आपण दाखवावयास हवे.

महाराष्ट्रातील प्रामाणिक शंकेखोर

नास्तिक स्वतःची मते तपासतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) होऊन गेले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. परंतु लोकमान्य टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी ते पत्र सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' सुरू केला. पारलौकिकाविषयी त्यांची बुद्धी साशंक होती. परंतु ती शंका त्यांनी फुरसतीची करमणूक म्हणून बाळगली नाही. तिच्यासाठी त्यांनी मित्र गमावले, लोकप्रियता गमावली, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. पैसा मिळवून देणाऱ्या वाटा उपलब्ध असताना ते शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनावर राहिले आणि वयाच्या चाळिशीपूर्वीच गेले. परलोकातील बक्षिसाची आशा नसताना एखादा मनुष्य कर्तव्यासाठी इतके सोसतो, हे पाहून आपण मान लवविली पाहिजे. देवाची भीती नसली की माणूस स्वैर होतो, असे प्रवचनांतून सहज बोलले जाते. आगरकरांचे चरित्र त्या विधानाला उत्तर देते.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण नरहर कुरुंदकरांचे (१९३२–१९८२). नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले हे विद्वान स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवीत. त्यांची पद्धत मात्र लक्षात ठेवण्यासारखी होती. ज्या ग्रंथाला विरोध करावयाचा, तो त्यांनी कसून अभ्यासला. मनुस्मृतीवर त्यांनी केलेली टीका ही न वाचता केलेली टीका नव्हे. त्यांच्यावर मार्क्सच्या विचारांचा खोल संस्कार होता, तरी मार्क्सवाद्यांच्या चुका त्यांनी झाकल्या नाहीत. आपल्या बाजूच्या माणसांची कठोर परीक्षा घेण्याचे धैर्य विरोधकावर तुटून पडण्याच्या धैर्याहून अवघड असते. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठले. नांदेड-लातूरच्या सुशिक्षित पिढ्यांवर त्यांची छाप अजून आहे; आपली मुले ज्या महाविद्यालयांत शिकतात, तेथील वातावरणातही ती आहे.

तिसरे उदाहरण अलीकडचे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर हे दोघेही निरीश्वरवादी. दोघेही अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहिलेले. परंतु दोघांत एक महत्त्वाचा मतभेद होता. परमेश्वर ही कल्पनाच आता निवृत्त करावी, ती स्वतःच एक अंधश्रद्धा आहे, असे डॉ. लागू म्हणत. डॉ. दाभोलकरांचे म्हणणे निराळे. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका ते अशी मांडीत, की समितीचा विरोध देवाला आणि धर्माला नाही. देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, आणि उपासनेचे स्वातंत्र्य राज्यघटनेनेच दिलेले आहे. या दोघांनी हा मतभेद लपविला नाही. एकाच व्यासपीठावर बसून त्यांनी तो गावोगावच्या श्रोत्यांपुढे मांडला. एकाच चळवळीतील माणसांनी आपले मतभेद लोकांपुढे ठेवून लोकांनाच विचार करावयास सांगावे, ही साधी गोष्ट नव्हे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. प्रश्न विचारणाऱ्याला गोळीने उत्तर देणाऱ्याने प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही, एवढेच सिद्ध केले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते: होय, असे नास्तिक आहेत, जे स्वतःच्या मतांची उलटतपासणी करतात आणि तिची किंमतही मोजतात. सगळेच तसे नसतात, हेही खरे. ज्याने एक पुस्तक वाचून देव मोडीत काढला आणि त्यानंतर दुसरे पुस्तक उघडले नाही, असा नास्तिक आणि ज्याने एक प्रवचन ऐकून सगळे प्रश्न मिटविले असा आस्तिक, हे एकाच कुळातले आहेत.

किल्लारीचा धडा

औसा तालुक्यात राहून हा विषय किल्लारीला वळसा घालून मांडता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपी गेले होते. पहाटे चार वाजावयास काही मिनिटे असताना धरणी हादरली. किल्लारी आणि परिसरातील गावे, शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाली. हजारो माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपल्याकडील घरे. ऊन-पावसापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखले, त्याच भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडले.

त्या दुःखातून दोन उत्तरे त्वरेने पुढे आली. काही भाविक म्हणाले, हा देवाचा कोप, लोकांच्या पापाची शिक्षा. काही नास्तिक म्हणाले, देव असता तर पाळण्यातली मुले मेली नसती. म्हणजे देव नाही. ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. परंतु त्यांच्या पायाशी एकच समजूत आहे. देव म्हणजे हिशेब ठेवून बक्षीस आणि शिक्षा वाटणारा अधिकारी, अशी ती समजूत. एकाने हिशेब जुळवून घेतला, दुसऱ्याने तो जुळत नाही म्हणून वही फेकून दिली. वहीच चुकीची आहे काय, हे मात्र दोघांनीही तपासले नाही.

तिसऱ्या बाजूला शास्त्रज्ञ होते. दख्खनचे पठार हा प्राचीन आणि स्थिर खडकाचा भाग असल्याने तेथे मोठे भूकंप होत नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला पहिला धक्का दिला होता. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही अनेक लहान धक्के जाणवले होते. तरीही भूकंपप्रवणतेच्या नकाशावर लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९३ नंतर भूवैज्ञानिकांनी आपले गृहीत पुन्हा तपासले. २००२ साली सुधारलेल्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले. ज्ञानाने आपली चूक मान्य केली आणि नकाशा बदलला. नव्या गावठाणांतील घरे वेगळ्या रीतीने बांधली गेली. चूक मान्य करणे म्हणजे कमीपणा नव्हे. पुढच्या पिढीचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

आता प्रश्न असा, की आपण भाविकांनी आपला नकाशा बदलला काय? वस्तुतः पवित्र शास्त्राने तो केव्हाच बदलून ठेवलेला आहे. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र नेमके हेच सांगतात: तू दुःखी आहेस, अर्थी तू पापी असलाच पाहिजेस. त्या मित्रांची भाषा अत्यंत धार्मिक आहे, आणि ईयोबाची भाषा जवळजवळ बंडखोराची. परंतु शेवटी देव त्या धार्मिक मित्रांना दोष देतो आणि वाद घालणाऱ्या ईयोबाने आपल्याविषयी योग्य ते सांगितले, असा निर्वाळा देतो. संत लूकलिखित शुभवर्तमानात, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख प्रभू येशू करतात, आणि ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती ही कल्पना स्पष्टपणे नाकारतात. म्हणजे किल्लारीनंतर 'पापाची शिक्षा' म्हणणारा भाविक देवाची बाजू घेत नव्हता. तो ईयोबाच्या मित्रांची बाजू घेत होता. येथे नास्तिकाचा संताप आपल्या श्रद्धेला अधिक जवळचा ठरतो, हे मान्य करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

मग खरे उत्तर काय? ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि सुनामी झाली. त्यानंतरच्या शुभ शुक्रवारी, दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात, तेथील सात वर्षांच्या मुलीने पोप बेनेडिक्ट सोळावे यांना विचारले, मुलांना एवढे दुःख का भोगावे लागते? ईश्वरविज्ञानाचा तो मोठा पंडित. परंतु त्यांनी त्या बालिकेला सांगितले, की हाच प्रश्न मलाही पडतो आणि त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही. परंतु निरपराध येशूनेही दुःख सोसले आणि देव तुमच्या बाजूला आहे, एवढे आपण जाणतो. पोप महोदयांना आपले अज्ञान सांगता आले. आपल्याला ते आपल्या मुलांपुढे का सांगता येऊ नये?

ख्रिस्तसभेची स्वतःची परंपरा

कॅथलिक माणूस प्रश्न विचारीत नाही, ही समजूत अज्ञानमूलक आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हां विद्यार्थ्यांपुढे संत थॉमस अक्वायनस (सुमारे १२२५–१२७४) यांचा महाग्रंथ येई. त्यात प्रत्येक विषयाचा आरंभ प्रतिपक्षाच्या आक्षेपांनी होतो. तोच आपल्याकडील पूर्वपक्ष. 'देव आहे काय?' या प्रश्नावर हा संत प्रथम देव नाही असे सुचविणारे दोन आक्षेप मांडतो. एक, जगात दुष्टता आणि दुःख आहे. दोन, निसर्ग आणि मानवी बुद्धी यांनी सगळ्याचा उलगडा होत असेल तर देवाची गरज नाही. साडेसातशे वर्षांनंतर आजचे नास्तिक प्रामुख्याने हेच दोन मुद्दे मांडतात. प्रतिपक्ष दुबळा करून मांडावयाचा आणि मग त्याला पाडावयाचे, ही संताची रीत नव्हती.

संतपद जाहीर करण्याच्या प्रक्रियेतही ख्रिस्तसभेने, उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी सोळाव्या शतकापासून नेमला होता. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही प्रक्रिया बदलली. तरीही मदर तेरेसांच्या वेळी, त्यांच्यावर अत्यंत कडवट टीका करणारे नास्तिक लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांना ख्रिस्तसभेने साक्षीसाठी पाचारण केले आणि त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले. २००३ साली मदर धन्यवादित घोषित झाल्या, २०१६ साली संत. त्या संतपदाला त्या साक्षीने बाधा आली नाही. ती ऐकून घेतली गेली, यातच ख्रिस्तसभेचा आत्मविश्वास दिसतो.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने तर एक पाऊल पुढे टाकले. आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या १९६५ च्या दस्तऐवजात महासभा सांगते, की नास्तिकतेच्या उदयात श्रद्धावंतांचाही वाटा कमी नाही. धर्मशिक्षणाची हेळसांड, सिद्धान्तांची चुकीची मांडणी आणि आपल्या जीवनातील दोष यांमुळे आपण देवाचे मुख दाखविण्याऐवजी झाकून टाकतो. त्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी अश्रद्धांशी संवाद साधण्यासाठी स्वतंत्र सचिवालय स्थापन केले. हा उपदेश आपल्या गावपातळीवर आणून पाहावा. एखादा तरुण चर्चमध्ये येणे सोडतो तेव्हा त्याने कोणते पुस्तक वाचले, एवढाच शोध आपण घेतो. त्याने आपल्यात काय पाहिले, हा शोध आपण घेत नाही. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा गृहस्थ शेतमजुराची मजुरी बुडवितो, वेदीजवळ एकत्र येणारी कुटुंबे सोयरिकीच्या वेळी जात विचारतात, हे त्याने पाहिलेले असते. त्याची नास्तिकता ही पुष्कळदा आपल्या वागण्यावरचा अभिप्राय असतो.

नास्तिकाला आपला प्रश्न

इतके मान्य केल्यावर नास्तिक बंधूंना एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो. उलटतपासणी थांबते कोठे?

अल्बानियाच्या राज्यकर्त्यांनी १९६७ साली आपला देश नास्तिक असल्याचे घोषित केले, प्रार्थनास्थळे बंद केली, धर्मगुरूंना तुरुंगात टाकले. तेथे देव नाहीसा झाला. परंतु शंका घेण्याचा अधिकारही नाहीसा झाला. हे आगरकरांच्या किंवा दाभोलकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि आम्ही तसे करीत नाही. परंतु देव काढून टाकला की हटवाद आपोआप जातो, ही समजूत टिकत नाही, एवढे त्यावरून दिसते. हटवाद हा माणसाच्या मनाचा रोग आहे. तो धर्माचेही कपडे घालतो आणि धर्मविरोधाचेही.

इंग्लंडमधील तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी आयुष्यभर नास्तिकतेचा पुरस्कार केला आणि २००४ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, विश्वाच्या मुळाशी कोणी बुद्धिमान कर्ता असावा असे आपले मत झाल्याचे जाहीर केले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पुरावा नेईल तिकडे जावे, हे तत्त्व आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने ते स्वतःला लावले, तेव्हा कालच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी त्यांच्या वार्धक्याकडे बोट दाखविले. मत बदलण्याची तयारी दुसऱ्याने आपल्या दिशेने दाखविली की ती आपल्याला विवेक वाटते; उलट दिशेने दाखविली की दुबळेपणा वाटतो. हा मोह आपल्यालाही आहे.

आणि याहून खोल असा प्रश्न पुढेच आहे. प्रामाणिक नास्तिक सत्यासाठी स्वार्थ सोडतो. पण सत्याचा हा अधिकार त्याच्यावर कोठून आला? खोटे बोलून सुख मिळत असेल, कोणी पाहत नसेल, तरीही सत्य बोललेच पाहिजे, ही आज्ञा त्याला कोण करते? 'सत्याला धरून राहावे' हे तत्त्व त्याने कोणत्या प्रयोगशाळेत तपासले? त्याने ते तपासून स्वीकारलेले नाही. तपासणीला बसण्यापूर्वीच तो त्याला बांधलेला आहे. म्हणजे त्याच्याही जीवनाच्या तळाशी एक निष्ठा आहे, आणि ती त्याला लाज वाटावी अशी नाही. ती निष्ठा मानवी समाजाच्या जडणघडणीतून आली, असे तो म्हणेल. ते उत्तर विचारार्ह आहे. परंतु समाज सगळा विरुद्ध असताना आगरकर ज्याला बांधलेले राहिले ते काय होते, याचा उलगडा त्याने पुरता होत नाही, असे आम्हांस वाटते.

गांधीजींना हे उमगले होते. 'ईश्वर हेच सत्य' असे ते आधी म्हणत; १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी आपला विचार उलटा करून 'सत्य हाच ईश्वर' असे मांडले, कारण नास्तिकही सत्य नाकारीत नाही. पुढे १९४० च्या दशकात आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा वर्ध्याजवळील सेवाग्रामला त्यांना भेटले. दोघांनी मोकळी चर्चा केली. गोरांच्या कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी ठरला, तेव्हा विवाहविधीत 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'सत्य' हा शब्द घेण्यास गांधीजींनी संमती दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ साली, तो विवाह सेवाग्रामलाच झाला. अस्पृश्यता मोडण्याच्या कामात आस्तिक आणि नास्तिक एका मांडवाखाली उभे राहिले. ज्यांना 'मीच सत्य आहे' असे सांगणारा प्रभू लाभला आहे, त्या आपल्याला यात परके वाटण्यासारखे काय आहे?

श्रद्धा आणि मत

राहता राहिला शेवटचा प्रश्न. तपासली तर श्रद्धा उरते काय? येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मत आणि श्रद्धा या एकच गोष्टी नव्हेत. पती आपल्या पत्नीवर विश्वास ठेवतो, तेव्हा रोज सकाळी तो तिच्या निष्ठेचा पुरावा मागत नाही. मागू लागला तर संसार उरणार नाही. याचा अर्थ तो विश्वास आंधळा असतो असेही नव्हे. सहवासातून तो वाढलेला असतो. मात्र पत्नीविषयीच्या त्याच्या समजुती चुकीच्या असू शकतात. वीस वर्षांच्या संसारानंतरही, 'हिला आपण ओळखलेच नव्हते' असे त्याच्या ध्यानात येते आणि त्या समजुती बदलाव्या लागतात. विश्वास टिकतो तो समजुती बदलण्याची तयारी असते म्हणूनच. देवाच्या बाबतीतही असेच आहे. त्याला धरून राहणे ही श्रद्धा. त्याच्याविषयी आपण जे बोलतो त्यातील पुष्कळसे आपले तोकडे आकलन असते. त्या आकलनाची तपासणी आपण नित्य केली पाहिजे, नाहीतर आपण देवाऐवजी स्वतःच्या समजुतींची पूजा करू लागतो.

परंतु नास्तिक येथे योग्य तोच प्रश्न विचारील: "विश्वासच चुकीच्या ठिकाणी ठेवला असेल तर?" याला संत पौलाने बगल दिलेली नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो स्वच्छ सांगतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला प्रचार व्यर्थ, आपली श्रद्धा व्यर्थ, आणि सर्व माणसांत आपणच अधिक कीव करण्याजोगे. काय घडले नसेल तर आपण खोटे ठरू, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. ज्या श्रद्धेच्या पहिल्या प्रचारकांपैकी एकाने तिची कसोटी आपल्या हाताने जगापुढे ठेवली, तिच्या अनुयायांनी प्रश्नांना भ्यावे हे विपरीत आहे.

मग घरात काय करावे? आमच्या अनुभवाने सांगावेसे वाटते, की तीन गोष्टी कराव्यात. मुलाने प्रश्न विचारला की तो प्रश्न आधी आपल्या शब्दांत पुन्हा मांडावा, आणि 'तुला हेच म्हणावयाचे आहे ना?' असे त्याला विचारावे. उत्तर माहीत नसेल तर 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' असे म्हणावे. ते म्हणताना वडीलपणा कमी होत नाही. आणि मुलालाही सांगावे, की प्रश्न जिंकण्यासाठी विचारू नकोस, जाणण्यासाठी विचार; मिसाला जाण्याचा कंटाळा आणि देवाविषयीची शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींच्या आड लपवू नकोस. शंका खरी असेल तर ती तुला अधिक वाचावयास, अधिक कष्ट करावयास, दुबळ्याच्या बाजूने उभे राहावयास लावील. तसे ती काही करीत नसेल, तर तिच्यावरही एकदा शंका घे.

ज्याच्या नावाशी भारतातील ख्रिस्ती परंपरा जोडलेली आहे, तो प्रेषित संत तोमा. पुनरुत्थानाची वार्ता त्याने नाकारली. जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे त्याने सोबत्यांना तोंडावर सांगितले. आपण त्याला 'संशयी तोमा' म्हणून लक्षात ठेवले, परंतु योहानाच्या शुभवर्तमानातील एक बारीक तपशील नजरेतून निसटतो. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आले, तेव्हा तोमा त्या खोलीत इतरांबरोबर होता. आठ दिवस त्याचा विश्वास नव्हता, तरी तो निघून गेला नाही. आणि इतरांचा विश्वास होता, तरी त्यांनी त्याला हाकलले नाही. त्या आठ दिवसांत दहा जणांनी त्याला सांभाळून घेतले नसते, तर प्रभूला 'माझ्या प्रभो, माझ्या देवा' म्हणून ओळखणारा तो उद्गार त्या खोलीत ऐकू आला नसता. आपल्या घरांतही असे कित्येक तोमा आज त्या आठ दिवसांत आहेत. त्यांच्यासाठी दार आतून बंद करू नये, एवढीच आपणां सर्वांना विनंती.